काडी उचलल्यावर सूर लांबतो का?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात माझ्या कामाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. मी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. व्हिडिओ वाद्यावरच्या एका टोल्याचा आणि आवाज दुसऱ्याच टोल्याचा, अशा जोड्या लावायच्या, त्या समोर बसलेल्या माणसाला दाखवायच्या आणि त्याला काय ऐकू आलं ते नोंदवून घ्यायचं, असं ते काम. एवढ्या चार ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांत कुतूहल आहे, काहींत चक्क राग आहे. संगीत कानाचं असतं, त्यात डोळ्याला घुसवू नका, असं मिरजेहून एका आजोबांनी कळवलंय. आजोबा, डोळा माझ्या आधीच घुसलेला आहे. मी फक्त मोजते.

सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी जलतरंग शिकते. आमचे गुरुजी सांगतात, वाटीवर काडी मारून हात झटकू नकोस, सावकाश वर ने, म्हणजे सुराला आस राहते, तो रेंगाळतो. माझा इंजिनियर भाऊ यावर हसतो. काडी वाटीला सोडून गेली की तिचा आवाजाशी संबंध संपला, मग हात कुठेही जाऊ दे, असं त्याचं म्हणणं. खरं कोणाचं?
— विद्यार्थिनी, सांगली

तुमच्या घरातला हा वाद मरिंबा वाजवणाऱ्यांत कित्येक वर्षं चालू होता आणि त्याचा निकाल लावायला प्रयोगही झाला. म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं.

मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं, खाली नळ्या बसवलेलं मोठं वाद्य. काष्ठतरंग ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच ओळख पटेल. टोकाला दोरा गुंडाळलेल्या काठ्यांनी ते वाजवतात. टोला पडला की सूर उमटतो आणि आपला आपण विरत जातो. सतारीसारखी तार ओढता येत नाही, बासरीसारखा दम देता येत नाही. एकदा उमटलेला सूर वादकाच्या ताब्यात राहत नाही. तरीही लांब सूर हवा असला की वादक हात ऐसपैस वर नेतात आणि तुटक हवा असला की तो पट्टीजवळच रोखतात. एक पक्ष म्हणायचा, याने सूर खरंच लांबतो. दुसरा म्हणायचा, पट्टीला काय तुमचा हात दिसतो?

मायकेल शुट्झ हे स्वतः तालवादक. त्यांनी आणि स्कॉट लिप्सकोम यांनी मायकेल बरिट या नामवंत मरिंबावादकाचं चित्रण केलं. खालचा, मधला आणि वरचा असे तीन सूर, प्रत्येक सूर एकदा लांब हालचालीने वाजवलेला आणि एकदा आखूड. मग चित्र आणि आवाज सोडवून त्यांची अदलाबदल केली. लांब हालचालीच्या चित्राला आखूड हालचालीचा आवाज, आणि उलट. ऐकायला बसवलं ते संगीताच्याच विद्यार्थ्यांना. चित्राकडे लक्ष देऊ नका, फक्त ऐकू आलेला सूर किती लांब होता तेवढं सांगा, अशी स्पष्ट सूचना होती. २००७ साली 'पर्सेप्शन' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले.

नुसता आवाज ऐकवला तेव्हा लांब आणि आखूड हालचालीच्या सुरांत कोणालाही फरक सांगता आला नाही. इथवर भावाची सरशी. पण चित्र जोडलं की लांब हालचालीबरोबर आलेला सूर लांब ऐकू यायचा, मग मूळ आवाज कोणत्याही टोल्याचा असो. लक्ष देऊ नका म्हणून सांगितलेलं, ऐकणारे संगीतातलेच, आणि तरीही. म्हणजे गुरुजींचंही चुकलेलं नाही. त्यांनी 'सुराला आस राहते' म्हटलं ते श्रोत्याच्या कानाबद्दल खरं आहे, वाटीबद्दल नाही.

हा निकाल त्या काळी अनेकांना खटकला, आणि का ते सांगायलाच हवं. 'कुठे' हा डोळ्याचा प्रांत आणि 'कधी, किती वेळ' हा कानाचा, अशी या शास्त्रातली जुनी वाटणी आहे. पडद्यावर आवाज कुठून येतो हे ठरवताना डोळा जिंकतो, म्हणून तर सिनेमागृहात आवाज भोंग्यातून येत असूनही तो नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. वेळेच्या बाबतीत मात्र उलट. २००० साली लादन शम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग 'नेचर'मध्ये छापला होता. पडद्यावर उजेडाचा ठिपका एकदाच लुकलुकतो, पण त्याच वेळी दोन 'बीप' वाजतात. पाहणाऱ्याला ठिपका दोनदा लुकलुकल्यासारखा दिसतो. तिथे कान डोळ्याला फसवतो. मग मरिंबाच्या बाबतीत, सुराच्या लांबीसारख्या अस्सल कानाच्या विषयात, डोळा कसा काय वरचढ ठरला?

शुट्झ यांनी पुढे हाच धागा ओढला. त्यांनी वादकाला चित्रातून पुसून टाकलं. काळ्या पडद्यावर हाताच्या सांध्यांच्या आणि काठीच्या टोकाच्या जागी फक्त पांढरे ठिपके हलताना दाखवले, परिणाम टिकला. नंतर एकच ठिपका ठेवला, तरी टिकला. ठिपक्याचा टोला पडण्याआधीचा प्रवास झाकला तरी फारसं बिघडलं नाही. टोल्यानंतरचा प्रवासच निर्णायक निघाला. मग आवाज बदलून पाहिले. मरिंबाच्या हालचालीला क्लॅरिनेटचा किंवा माणसाच्या गळ्याचा सूर जोडला की जादू संपली. काठीचा टोला पडल्यावर गळ्यातून 'आ' निघत नाही, हे मेंदूला ठाऊक आहे. आवाज टोल्याच्या आधी वाजवला तरी परिणाम ढासळला, कारण कारणाआधी कार्य होत नाही. थोडक्यात, हा आवाज या हालचालीनेच झाला असणार असं मेंदूला पटलं, तरच तो डोळ्याची साक्ष घेतो. मला या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

शुट्झ आता कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात आहेत. त्यांच्या मॅपल लॅबमध्ये हे काम पुढे चालू आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मैफलीत हात सावकाश उचला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याचा काडीचाही उपयोग नाही. आणि एक गोष्ट तपासून घ्या. हात सावकाश न्यायचा असं आधीच ठरवलेलं असलं की कधी कधी मुळातला टोलाच हलका पडतो, आणि तो बदल मात्र खरोखर आवाजात येतो. दोन्ही प्रकारांनी वाजवून मुद्रण करा आणि भावाला पाठ करून बसवून ऐकवा.

मग तबल्यावरही हेच होत असणार ना?
— तबलावादक, लातूर

नाही, आणि म्हणूनच तबला या प्रयोगाला गैरसोयीचा. डग्ग्यावर 'घे' वाजवल्यानंतर मनगट चामड्यावर दाबून पुढे सरकवलं की घुमारा खरोखरच बदलतो. बंद बोलात बोटं शाईवर राहतात म्हणूनच तो बंद असतो. टोल्यानंतरचा हात इथे आवाज घडवतच असतो. तुम्ही जे पाहता तेच ऐकताही, तेव्हा डोळ्याचा वाटा किती आणि कानाचा किती हे सोडवता येत नाही. मरिंबा, जलतरंग, घंटा, टाळाचा एकच टोला, अशी वाद्यं हवीत.

गणपतीच्या मिरवणुकीत लांबून ढोल-ताशाचं पथक बघताना टिपरू आधी आदळतं आणि आवाज मागाहून येतो, पण जवळ येता येता ते कधी जुळलं ते कळत नाही. टीव्हीवर मात्र ओठ आणि आवाज जरा हुकले की लगेच डोक्यात जातं. असं का? आणि ब्लूटूथ हेडफोनवर व्हिडिओ बघताना कधी जुळतं, कधी नाही, ते का?
— वाचक, सदाशिव पेठ, पुणे

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पथक ३४ मीटरवर असेल तर आवाज तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे १०० मिलिसेकंद लागतात. दहा मीटरवर आलं की २९. तेवढं अंतर मेंदू सहज पोटात घालतो. जुळल्याचा क्षण सापडत नाही, कारण तसा एक क्षण नसतोच. जुळलं असं मानण्याची मेंदूची खिडकी ऐसपैस असते.

ही खिडकी दोन्ही बाजूंना सारखी उघडत नाही. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली जी शिफारस केली तीत हे आकड्यांत दिलंय. आवाज चित्राच्या पुढे गेला तर साधारण ४५ मिलिसेकंदांनंतर लोकांच्या लक्षात येतं; मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातं. सृष्टीत आवाज नेहमी उजेडानंतरच पोहोचतो. मागून येणाऱ्या आवाजाची सवय आहे, आधी येणारा आवाज कुठल्याच झाडाखाली कोणी ऐकलेला नाही. टीव्हीवर डोक्यात जातं ते बहुधा आवाज पुढे धावला म्हणून.

तालवादकांची खिडकी इतरांपेक्षा अरुंद असते. ग्लासगोमध्ये करीन पेत्रिनी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जॅझ ड्रमवादकांना आणि वाजवायला न शिकलेल्यांना ड्रमचे ठिपक्यांचे व्हिडिओ दाखवून हे मोजलं. वादकांना चूक लवकर कळली. तुमच्या पथकातल्या जुन्या ताशेवाल्याला विचारा, टीव्हीवरचं हुकलेलं त्याला तुमच्याआधी खटकत असणार.

ब्लूटूथमध्ये आवाजाची पुडी बांधून हवेतून पाठवायची आणि पलीकडे सोडायची, यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. चांगली व्हिडिओ ॲप चित्रच तेवढं मागे धरतात, म्हणून जुळतं. मोबाइलवरच्या पेटीचं बटण दाबलं की मात्र मागे धरायला काही नसतं. तुमचं बोट थांबायला तयार नाही. ऑनलाइन शिकवणीत गाणारा एकीकडे आणि तबला दुसरीकडे असं जमत नाही त्याचं कारणही याच कुळातलं.

मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून असं सॉफ्टवेअर करायचंय. मार्गदर्शक म्हणतात, साधा व्हिडिओ प्लेअर लावून कागदावर गुण भरून घ्या, त्यात प्रोग्रॅम कसला लिहायचा?
— विद्यार्थी, नांदेड

प्लेअरचं काम तुम्हांला सुख देण्याचं आहे. संगणक दमला तर तो मधल्या दोन फ्रेम गुपचूप गाळतो, आवाज सांभाळून घेतो आणि तुम्हांला कळूही देत नाही. सिनेमा बघायला हे छान. प्रयोगात मात्र कोणती फ्रेम नेमकी कधी दिसली हे सांगणारा, आणि गाळली तर गाळली असं कबूल करणारा प्रोग्रॅम लागतो.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर सायकोपाय हे प्रयोगांसाठीचं सॉफ्टवेअर वापरा. नॉटिंगहॅम विद्यापीठात जोनाथन पीअर्स यांनी ते सुरू केलं. फुकट आहे आणि आतला कोडही खुला आहे. मॅटलॅब ही गणिती प्रणाली वापरणाऱ्यांसाठी डेव्हिड ब्रेनार्ड आणि डेनिस पेली यांचं सायकटूलबॉक्स १९९७ पासून आहे. पडदा आणि स्पीकर यांच्याशी बोलण्याचं किचकट काम ही दोन्ही करतात. तुमचं स्वतःचं काम उरतं ते जोड्या लावण्याचं, क्रमाचं, उत्तर घेण्याचं आणि नोंदीचं. त्यातच सगळी गोम आहे.

आधी जोड्या. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे तितकी मापं, असतात आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे एका फ्रेमच्या पोटात १,९२० नमुने. आवाजातला टोला कुठे सुरू झाला हे लहरीवर बोट ठेवून दाखवता येतं. चित्रातला टोला दोन फ्रेमच्या मधे कुठेतरी पडलेला असतो. म्हणून चित्रण जास्त वेगाने करा, निदान सेकंदाला ६० फ्रेम. मोबाइलवर केलंत तर एक सापळा आहे. उजेड कमी-जास्त झाला की बहुतेक मोबाइल फ्रेमचा वेग आपल्या मनाने बदलतात. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने तो आधी एकसारखा करून घ्या, नाहीतर पुढची सगळी मापं वाळूत. आवाज बदलताना फाइलच्या सुरुवातीला सुरुवात लावू नका, टोल्याला टोला लावा.

आवाजाची पातळीही बघा. जरा मोठा वाजलेला सूर लांब वाटतो. पण पातळी सॉफ्टवेअरने ओढून-ताणून सारखी करण्यापेक्षा वादकाकडून तोच सूर भरपूर वेळा वाजवून घ्या आणि त्यातले मुळातच सारखे निघालेले निवडा. वादक कंटाळतो. त्याला चहा द्या.

मग दाखवणं. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. २५ फ्रेमचा व्हिडिओ त्यात बसत नाही. काही फ्रेम दोन वेळा रंगतात, काही तीन वेळा, आणि हात अडखळत वर जातो. म्हणूनही ६० घ्या. आवाजाचं कार्ड स्वतःचा वेळ खातंच. तो किती खातं हे कंपनीच्या कागदावर वाचू नका, मोजा. पडद्याच्या कोपऱ्यात टोल्याच्या फ्रेमला एक पांढरा चौकोन चमकवा, त्यावर फोटोडायोड, म्हणजे उजेड पडला की विजेचा इशारा देणारा छोटा स्वस्त भाग, चिकटवा, त्याची एक तार आणि हेडफोनची दुसरी तार एकाच स्टीरिओ रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या कप्प्यांत घाला. दोन लहरी शेजारी-शेजारी दिसतील. मधलं अंतर हाच तुमच्या यंत्राचा खरा उशीर. शंभर वेळा चालवून ते अंतर एकसारखं येतं का ते बघा. एकसारखा उशीर वजा करता येतो, दर वेळी बदलणाऱ्या उशिराला औषध नाही. हेडफोन तारेचेच हवेत. वरचं उत्तर वाचलंत तर कारण कळेल.

क्रम सोपा आहे. दोन हालचाली, दोन आवाज, म्हणजे चार जोड्या; शिवाय दोन आवाज नुसतेच, काळ्या पडद्यावर. तीन सुरांचे मिळून अठरा प्रकार. प्रत्येक काही वेळा, पत्ते पिसल्यासारखे पिसून, पण एकच सूर लागोपाठ येणार नाही असं बघून.

उत्तर घ्यायला आकडे नसलेली पट्टी द्या, एका टोकाला 'आखूड', दुसऱ्या टोकाला 'लांब'. सरकणारा खुंटा सुरुवातीला मधोमध ठेवलात तर अर्धे लोक तो तिथेच सोडतील. पहिला स्पर्श होईपर्यंत खुंटा दाखवूच नका. जोडीला दुसरा प्रश्न विचारा, चित्र आणि आवाज एकमेकांचे वाटले का? हा प्रश्न मूळ प्रयोगातही होता आणि त्याचा एक छुपा फायदा आहे. त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे पडद्याकडे बघावंच लागतं. डोळे मिटून बसणाऱ्याला पळवाट राहत नाही.

नोंद प्रत्येक उत्तरानंतर लगेच डिस्कवर लिहा. सगळं शेवटी लिहू म्हणाल आणि सतराव्या माणसाच्या वेळी वीज जाईल. आणि प्रोग्रॅमला जे करायला सांगितलं ते लिहू नका, त्याने प्रत्यक्षात जे केलं ते लिहा. फ्रेम कधी रंगली, आवाज कधी सुटला, किती फ्रेम गळल्या. मार्गदर्शकांना ही फाइल दाखवा. प्रोग्रॅम कशाला हे मग विचारणार नाहीत.

मी ख्याल शिकते. गाताना माझे हात फार हलतात. घरचे मुद्रादोष म्हणतात. बाई म्हणतात, राहू दे. तुमचं शास्त्र काय म्हणतं?
— वाचक, डोंबिवली

बाईंचं ऐका. जेन डेव्हिडसन यांनी १९९३ साली वादकांकडून एकच रचना कोरडेपणाने, नेहमीसारखी आणि अतिशयोक्तीने वाजवून घेतली. पाहणाऱ्यांना नुसते हलणारे ठिपके दाखवले, आवाज नाही. तरी कोणता प्रकार ते ओळखता आलं. गळ्याबद्दल तर आणखी थेट काम आहे. बिल थॉम्पसन, फ्रँक रूसो आणि स्टीव्हन लिव्हिंगस्टन यांनी २०१० साली दाखवलं, की गाणाऱ्याचा चेहरा पाहून, आवाज बंद असतानाही, दोन सुरांमधलं अंतर किती असेल याचा अंदाज लोक बांधतात. आणि मोठ्या अंतराच्या आवाजाला लहान अंतराचा चेहरा जोडला की ऐकू येणारं अंतरही आक्रसतं.

आपल्या गाण्यावरचं काम वेगळ्या वाटेने गेलं आहे. मॅट राहेम यांनी हिंदुस्थानी गायकांचे हात बारकाईने पाहिले आणि २०१२ साली लिहिलं, की गळ्याबरोबर हातही गुरूकडून शिष्याकडे येतात, कोणी मुद्दाम शिकवत नसताना. २०२२ साली डरहॅम विद्यापीठाचे मार्टिन क्लेटन, मुंबईच्या आयआयटीतल्या प्रीती राव आणि सहकाऱ्यांनी तीन गायकांच्या नऊ रागांच्या मुद्रणांतून बारा-बारा सेकंदांचे तुकडे घेतले. व्हिडिओवरून संगणकाने हाता-खांद्यांच्या जागा शोधल्या, आणि त्यावरून राग ओळखायचा प्रयत्न केला. नुसत्या हातांवरून तो कमीच जमला. आवाजावरून उत्तम जमला. पण आवाजाला हात जोडले तेव्हा त्या उत्तमाच्याही वर गेला. म्हणजे हातांत रागाचं काहीतरी असतं जे त्या यंत्राला आवाजातून मिळालं नव्हतं.

घरच्यांना एवढंच सांगा, की तानेबरोबर फिरणारा हात आणि सम आल्यावर नाक खाजवणारा हात यांत फरक आहे. दुसरा सोडून द्या.

मुलीला शालेय गायनस्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला. पहिला आलेला मुलगा तिच्यापेक्षा बेसूर होता, पण हसत, हात पसरून गायला. परीक्षक 'सादरीकरण' म्हणाले. हा अन्याय नाही का?
— एक आई, कोल्हापूर

स्पर्धा मी ऐकलेली नाही, आणि आईच्या कानावर माझा विश्वास बेताचाच आहे. पण प्रश्न खरा आहे.

चिया-जुंग त्साय या स्वतः पियानोवादक. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या स्पर्धांमधल्या अंतिम तिघांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दिल्या आणि जिंकलं कोण ते ओळखा म्हटलं. कोणाला फक्त आवाज, कोणाला मुकं चित्र, कोणाला दोन्ही. २०१३ साली निकाल छापला. आवाजच महत्त्वाचा, असं जवळजवळ सगळ्यांनी आधी सांगितलं होतं. पण नुसत्या नशिबाने जमेल त्याहून जास्त वेळा विजेते ओळखता आले ते मुकं चित्र पाहणाऱ्यांनाच. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना नाही, मग ते व्यावसायिक संगीतकार का असेनात.

या निकालावर फार उड्या मारू नयेत असं माझं मत आहे. अंतिम फेरीतले तिघे आवाजात जवळजवळ सारखेच असतात. फरकच नसेल तर कान तरी काय निवडणार? सॅम्युएल मेर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रयोग पुन्हा केला. मूळ निकाल पुन्हा आला, पण फिती दुसऱ्या निवडल्या की तो डळमळतो असंही दिसलं. शाळेच्या स्पर्धेत तर मुलांच्या सुरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिथे बेसूर गाणं हसण्याखाली झाकलं गेलं असेल, तर मेंदूला दोष देऊन परीक्षकांना सुटता येणार नाही.

उपाय आपल्याकडे जुना आहे. पुण्याचे बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात आकाशवाणीने कलावंतांच्या चाचण्या बसवल्या. परीक्षक मंडळाला गाणं ऐकू यायचं. कोण गातंय ते सांगितलं जात नसे. पंडित श्रीकृष्ण रातंजनकर त्या कामात पुढे होते. बड्या कलावंतांनी खूप आरडाओरडा केला, कारण नाव आणि घराणं झाकलं गेलं की उरतो तो फक्त सूर. पद्धतीत त्रुटी होत्याच, पण हेतू स्वच्छ होता.

शाळेला एवढं मोठं काही करायला नको. परीक्षकांनी आधी पाठ करून बसावं आणि सुराचे, तालाचे गुण कागदावर लिहून टाकावेत. मग वळावं आणि सादरीकरणाचे वेगळे गुण द्यावेत. हसण्याला गुण द्यायला माझी हरकत नाही. मंचावर गाणं हे दिसतंच. फक्त ते गुण त्यांच्या रकान्यात जावेत. पुढच्या वर्षीच्या पालकसभेत हे सुचवा, आणि दोन्ही रकान्यांचे आकडे सूचनाफलकावर लावायला सांगा.